रिकामा पाइप काय पितो

बेळगावातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत पाणी येण्याचा दिवस कॅलेंडर न बघता कळतो. दारादारात घागरी, कळशा, बॅरल, रंगाचे रिकामे डबे रांगेनं मांडलेले असतात आणि "पाणी सोडल्यात काय ग?" ही हाक गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मग नळ आधी फुसफुसतो, हवा सोडतो, आणि तांबूस, गढूळ पाण्याची एक धार येते. आमची आई त्या धारेखाली घागर कधीच धरायची नाही. बादली लावायची, भरली की परसातल्या केळीला ओतायची. मग दुसरी बादली, तीही केळीलाच. "तोंडचं पाणी प्यायचं नाही," एवढंच म्हणायची. मे महिन्यात घरात प्यायला पाणी नसताना ती दोन बादल्या ओतून टाकते हे बघून मला राग यायचा. त्या दोन बादल्यांचा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि पाण्यातून पसरणाऱ्या रोगांबद्दल लिहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

राकसकोपच्या जलाशयातून किंवा हिडकल धरणातून येणारं पाणी थेट नळात येत नाही. आधी त्यात तुरटी घालून गाळ खाली बसवतात, मग ते वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. म्हणजे शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते पाणी सहसा पिण्याजोगं असतं. पुढचा प्रवास मात्र जमिनीखालून होतो. कुठे साठ वर्षांपूर्वीचा बिडाचा पाइप, कुठे सांधा सैल झालेला, कुठे घरच्या जोडणीसाठी पाडलेलं भोक नीट न बुजवलेलं. आणि हा पाइप बऱ्याच ठिकाणी गटारीला खेटून, काही ठिकाणी तर गटारीच्या आतूनच जातो.

पाइप पाण्यानं भरलेला आणि दाबाखाली असेल तर फटीतून पाणी बाहेर गळतं. पाणी वाया जातं, पण आत काही येत नाही. घात होतो तो पाणी बंद केल्यावर. वरच्या भागातलं पाणी उताराकडे निघून जातं, मागे पोकळी राहते आणि तीच फट आता उलटी काम करते. आजूबाजूच्या ओल्या मातीतलं, गटारीतलं, फुटक्या शौचकुपाच्या झिरप्यातलं पाणी पाइप आत ओढून घेतो. चार दिवस, आठ दिवस ते आत साचून राहतं. पुन्हा पाणी सोडलं की सगळ्यात आधी बाहेर येतं ते हेच. आई ज्याला तोंडचं पाणी म्हणायची ते म्हणजे पाइपानं रिकामा असताना पिऊन ठेवलेलं पाणी.

यात आपण आपल्या हातानं भर घालतो ती मोटर जोडून. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढलं की पाइपातला दाब आणखी उतरतो आणि प्रत्येक फट जोरानं आत शोषायला लागते. पाणी आपल्या टाकीत लवकर चढतं हे खरं, पण त्याबरोबर शेजारची गटारही थोडी चढते, आणि ती फक्त आपल्याच टाकीत जात नाही. मोटर लावणारा वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही. गल्लीच्या टोकाला घर असलं आणि पाणी तासभरच येत असलं की माणूस काय करणार? पण ओढण्याचा परिणाम काय होतो ते माहीत असायला हवं.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही. २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. शहराच्या उरलेल्या भागाला पूर्वीसारखंच काही दिवसांआड पाणी मिळत राहिलं. म्हणजे धरण तेच, शुद्धीकरण तेच, फरक पाइपांचा: चोवीस तासांच्या भागात ते नवे टाकलेले आणि सतत भरलेले, बाकी ठिकाणी जुने आणि मधेमधे रिकामे होणारे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हुबळी-धारवाडात दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं. २०१३ साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात सुमारे तीनपैकी एका नमुन्यात ई-कोलाय सापडले, म्हणजे विष्ठेचा अंश असल्याची खूण. चोवीस तास पाण्याच्या भागात शंभरात एखादा नमुनाही तसा निघाला नाही. २०१५ साली त्यांनी आजारांचाही हिशोब मांडला. चोवीस तास पाणी असलेल्या भागात टायफॉईड झालेली घरं सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. साध्या हगवणीत मात्र सरसकट मोठा फरक दिसला नाही, फायदा दिसला तो गरीब घरांतल्या लहान मुलांच्या रक्ती हगवणीत. तसं का झालं, त्याचं एक कारण पुढे येईलच, कारण नळापाशी गोष्ट संपत नाही.

आता हा विष्ठेचा अंश इतका घातक का, ते पाहू. पटकी (कॉलरा), टायफॉईड, हगवण आणि काविळीचे दोन प्रकार (हेपटायटिस ए आणि ई) हे सगळे आजार एकाच रस्त्यानं फिरतात. आजारी माणसाच्या आतड्यातून जंतू बाहेर पडतो आणि कुठून तरी निरोगी माणसाच्या तोंडात पोचतो. मधली वाट पाणी असू शकते, हात, माशी किंवा न धुतलेली कोथिंबीरही असू शकते. पाण्याचा दोष एवढाच की ते एकाच वेळी शेकडो घरांत जातं. हातावरचा जंतू एका घराला आजारी पाडतो, पाइपातला जंतू अख्ख्या गल्लीला. आणि या पाण्याला रंग, वास, चव काहीही नसते. काचेसारखं नितळ पाणी काविळीचं असू शकतं आणि जरा मातकट दिसणारं बिनधोक असू शकतं. डोळ्यावर भरवसा ठेवायची सोय इथे नाही.

प्रत्येक जंतूचं घड्याळही वेगळं असतं, आणि त्यामुळे आपण फार फसतो. पटकी काही तासांत ते पाच दिवसांत उमटते. टायफॉईडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. हेपटायटिस ए ची कावीळ सरासरी महिन्यानं दिसते आणि ई ची कधीकधी दोन महिन्यांनीही. म्हणून ऑगस्टमध्ये पूर येतो, पाणी बिघडतं, लोक आठवडाभर उकळून पितात, मग ऊन पडतं आणि सगळं विसरलं जातं. गणपती जातात, दसरा जवळ येतो आणि एकेका घरात डोळे पिवळे दिसायला लागतात. तेव्हा कुणी त्या काविळीचा धागा ऑगस्टच्या नळाशी जोडत नाही. वड्याला दोष देतात, हॉटेलच्या ताकाला देतात. असेलही त्यांचा दोष, पण आधी पंचांग मागे उलटून बघा.

आपल्या भागात पुराचं गणित आणखी गुंतलेलं आहे, कारण आपल्या नद्या सीमा ओलांडून येतात आणि जातात. हिरण्यकेशी आंबोलीला उगवते, आजरा, गडहिंग्लज करून संकेश्वरला येते. वेदगंगा-दूधगंगा कोल्हापुरातून निपाणी, चिकोडीकडे उतरतात. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते आणि ते सगळं पाणी घेऊन कृष्णा चिकोडी तालुक्यात शिरते. उलट खानापूर तालुक्यात उगवणारी म्हादई गोव्याला जाते. म्हणजे कुणाच्या तरी सांडपाण्याच्या खाली आपण आहोत आणि आपल्या सांडपाण्याच्या खाली आणखी कुणी आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत हेपटायटिस ई ची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले. इचलकरंजी निपाणीपासून काही लांब नाही. इथल्या किती घरांची लेक तिकडे दिली आहे, किती जण तिथल्या मागावर कामाला जातात. साथ काय एसटीनं येते, बसनं येते आणि नदीनंही.

पण वरचा घाण करतो म्हणून खालच्यानं मरायलाच पाहिजे असं नाही. याचा इतका लख्ख पुरावा जगात दुसरा नसेल, आणि तोही एका सीमेवरचाच. जर्मनीत एल्ब नदीच्या काठी हॅम्बर्ग आणि आल्टोना ही दोन शहरं एकमेकांना चिकटून होती. राज्यं मात्र वेगळी. हॅम्बर्ग स्वतंत्र, आल्टोना प्रशियाचं, आणि काही ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला एक शहर तर समोर दुसरं. दोघांचं पाणी एल्बचंच, उलट आल्टोनाच्या वाट्याला हॅम्बर्गची घाण मिसळलेलं जास्त वाईट पाणी येत होतं. फरक एवढाच की आल्टोना ते वाळूतून सावकाश गाळून घ्यायचं आणि हॅम्बर्ग न गाळता नळाला सोडायचं. १८९२ साली पटकी आली. हॅम्बर्गमध्ये साडेआठ हजारांहून जास्त माणसं गेली, आल्टोना जवळपास वाचलं. एकाच रस्त्यावर या बाजूच्या घरांत प्रेतं आणि त्या बाजूला काही नाही. पटकीचा जंतू ओळखणारा रॉबर्ट कॉख स्वतः तिथे तपासाला गेला होता. वाळूच्या वरच्या थरावर काही दिवसांत शेवाळासारखा बुळबुळीत पापुद्रा तयार होतो, त्यात राहणारे सूक्ष्म जीव रोगजंतूंना धरून ठेवतात आणि खाऊन टाकतात. शहर वाचवलं ते या पापुद्र्यानं.

गाळणं आणि क्लोरीन यांची जोडी का लागते, ते दिल्लीनं १९५५-५६ च्या हिवाळ्यात दाखवलं. यमुनेला पूर येऊन नाल्याचं सांडपाणी पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे फिरलं. लक्षात आल्यावर क्लोरीन वाढवलं गेलं. टायफॉईड, हगवण यांची साथ आली नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गढूळ पाण्यात क्लोरीन आधी मातीशी आणि मैल्याशी झुंजण्यातच खर्ची पडतं. उरलेलं जिवाणूंना पुरलं, पण चिवट विषाणू निसटले. म्हणून आधी नितळ करा, मग औषध घाला.

हेच सूत्र पूर ओसरल्यावर गावातल्या विहिरीला लागू पडतं. २००५, २०१९, २०२१ चे पूर ज्यांनी निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाककडे पाहिले त्यांना बुडालेली विहीर कशी दिसते ते सांगायला नको. आधी गढूळ पाणी उपसून काढायचं, गाळ काढायचा, नवं पाणी भरू द्यायचं. मग हिशोब करायचा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीनं गुणा आणि पुन्हा ०.७८५ नं गुणा, म्हणजे पाणी किती घनमीटर ते कळतं. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. तीन मीटर व्यासाची विहीर आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर झाले. बऱ्यापैकी नितळ पाण्याला दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम ब्लिचिंग पावडर लागते, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पाणी अजून गढूळ असेल तर जास्त. पावडर तशीच विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बाकीचं पाणी घाला, दहा मिनिटं ठेवा म्हणजे चुना खाली बसेल. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरानं विहिरीत सोडून वर-खाली हलवा. तासभर कुणी पाणी भरू नये. आणि पावडर ताजी हवी. पंचायतीच्या खोलीत पोत्याचं तोंड उघडं टाकून वर्षभर पडलेल्या पावडरीत नावाला वास असतो, जोर नसतो.

क्लोरीनचा वास येतो म्हणून तक्रार करणारे खूप भेटतात. मला तो वास आला की धीर येतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे असा नियम आहे, कारण वाटेत काही घाण शिरली तर तिच्याशी लढायला कुणीतरी उरायला हवं. तपासायला एक छोटी बाटली असते. नळीत पाणी घ्यायचं, दोन-चार थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. ही तपासणी टाकीपाशी करून उपयोग नाही, गावातल्या सगळ्यात शेवटच्या घराच्या नळावर करायला हवी. तुमच्या वॉटरमनला किंवा आशाताईंना विचारून बघा, बहुतेकदा ती बाटली कपाटात असतेच. २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात मुदेनूरला दूषित पाण्यानं माणसं दगावली. तेव्हापासून तरी ही बाटली कपाटाबाहेर राहायला हवी.

आता नळाच्या पुढे, घरात येऊ. गावोगावी नाणं टाकून वीस लिटरचा कॅन भरून देणारी शुद्ध पाण्याची केंद्रं झाली आहेत, आणि लोकांचा समज असा की कॅन आणला म्हणजे काम झालं. या यंत्रातून निघणाऱ्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. म्हणजे पाणी शुद्ध, पण त्याला राखणदार नाही. तो कॅन आतून कधी घासला, झाकण कुठे ठेवलं होतं, घरी आल्यावर पाणी कशात ओतलं आणि त्यात कुणी कसा हात घातला, यावर पुढचं सगळं ठरतं. हुबळी-धारवाडात साध्या हगवणीत सरसकट फरक न दिसण्यामागे हेही असू शकतं. चोवीस तास पाणी येऊनही लोक सवयीनं घागरीत भरून ठेवतात, आणि साठवलेलं पाणी घरातच बिघडतं. घागरीत तांब्या बुडवताना बोटं पाण्यात जातात. आजीच्या घरी पाण्याच्या घागरीशेजारी लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं असायचं, त्यानंच पाणी घ्यायचं अशी शिस्त होती. ती शिस्त सोवळ्यातून आली की कशातून, मला माहीत नाही, पण जंतूच्या दृष्टीनं ती अगदी बरोबर होती. नळाची तोटी बसवलेली घागर किंवा पिंप मिळालं तर आणखी चांगलं.

गाळणीच्या फडक्याचंही तसंच. आपल्याकडच्या जैन घरांत पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, हे बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या माणसाला लहानपणापासून माहीत असतं. त्यांचा हेतू जीवदयेचा. बांगलादेशात ६५ गावांत हाच प्रयोग पटकीसाठी केला गेला आणि २००३ साली त्याचे आकडे आले. जुनी सुती साडी चार-आठ पदरी करून त्यातून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकी जवळपास निम्म्यावर आली. पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून राहतो आणि ते जलचर कापडात अडकतात. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागे पिंजले की छिद्रं बारीक होतात. पण काविळीचा विषाणू कुठल्याही फडक्यात अडकत नाही, तेव्हा साथीच्या दिवसांत गाळून मग उकळायला हवं. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून ठेवा.

फडक्याचं नाव निघालं की मला नारू आठवतो. साठीच्या पुढच्या माणसांना विचारा, त्यांनी तो पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. पायविहिरीत उतरून पाणी भरायचे दिवस. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारा एक पाणपिसू असतो, त्याच्या पोटात नारूची अळी. पाण्याबरोबर माणूस तो गिळतो. काही कळत नाही, काही दुखत नाही. जवळपास वर्षानं पायावर एक फोड येतो आणि असा जळतो की पाय पाण्यात बुडवल्याशिवाय राहवत नाही. फोड फुटतो आणि आतून शेवयीसारखा पांढरा दोरा डोकावतो. ती मादी, तीन फूटभर लांब. काडीला गुंडाळून रोज दोन-चार बोटं ओढायची, घाई केली आणि तुटली तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने झोपून. ऐन पेरणीत घरचा कर्ता असा पडला की त्या वर्षाचं पीक गेलंच. आणि ज्या क्षणी तो जळता पाय विहिरीत बुडाला त्या क्षणी मादीनं हजारो अळ्या पाण्यात सोडलेल्या असायच्या. पाणपिसू त्या खायचा, चक्र पुन्हा सुरू.

या रोगावर औषध नाही, लस नाही. आजही नाही. तरी तो देशातून गेला. १९८४ साली भारतात जवळपास ४० हजार रुग्ण होते, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही त्या यादीत होते. पायऱ्या बुजवून विहिरींना कठडे बांधले, म्हणजे पाय पाण्याला लागणार नाही. बोअर मारून हातपंप बसवले. जिथे ते जमलं नाही तिथे दुहेरी कापडातून पाणी गाळायला शिकवलं, पाण्यात पिसू मारणारं औषध टाकलं. शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं मान्य केलं. एका गोळीशिवाय एक रोग संपला, फक्त पाणी आणि पाय यांच्यात एक कठडा उभा करून. मला आपल्या सार्वजनिक आरोग्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आणि शाळेच्या पुस्तकात ती यायला हवी होती.

पाण्याच्या शुद्धतेइतकंच त्याचं प्रमाणही महत्त्वाचं आहे, हे आपण विसरतो. खरूज, डोळे येणं, खुपऱ्या (डोळ्यांचा ट्रॅकोमा रोग) आणि हगवणीचा बराच मोठा भाग पाणी घाण असल्यानं होत नाही, पाणी कमी असल्यानं होतो. घरात दोनच कळशा असतील तर आई पोराला शौचाहून आल्यावर साबणानं हात धू म्हणेल, की ते पाणी भाकरीच्या पिठाला ठेवेल? साबणानं हात धुण्यानं हगवण सुमारे एक तृतीयांशानं कमी होते, आणि त्यासाठी पाणी अगदी पिण्याजोगं असण्याचीही गरज नसते, पुरेसं असलं की झालं. खुपऱ्यांनी एकेकाळी देशात असंख्य लोकांची दृष्टी नेली. तो रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून संपल्याचं २०२४ साली जाहीर झालं, आणि त्यात औषधांबरोबर तोंड धुवायला मिळालेल्या पाण्याचाही वाटा आहे.

आणि साठवलेल्या पाण्याची दुसरी बाजू म्हणजे डास. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा डास गटारीत अंडी घालत नाही, त्याला आपली बॅरल, हौद, फ्रिजमागचा ट्रे, तुळशीकट्ट्याजवळची करवंटी लागते. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस. पाणी आठ दिवसांनी येतं, म्हणून आपण आठ दिवसांचं साठवतो, म्हणजे डासाला बरोब्बर त्याच्या गरजेइतके दिवस देतो. २००६ साली चिकुनगुनियानं उत्तर कर्नाटकातली गावंच्या गावं सांधे धरून बसवली होती, वाकून चालणारी माणसं तेव्हा घरोघरी होती. त्या वर्षी देशात सगळ्यात जास्त रुग्ण कर्नाटकात नोंदले गेले. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायची आणि नुसती रिकामी न करता आतून काथ्यानं घासायची, कारण अंडी भिंतीला चिकटून सुकलेल्या अवस्थेत काही महिने टिकतात. जी बॅरल रिकामी करणं परवडत नाही तिच्या तोंडावर जुनं धोतर घट्ट बांधा.

लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, उल्लेख थोडक्यात करतो. उंदरांच्या मुतातून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतो. खानापूरच्या भातखाचरात लावणीला उतरणाऱ्यांना आणि पुराच्या पाण्यातून गुरं काढणाऱ्यांना याचा धोका. ताप, पोटऱ्यांत मोठं दुखणं, डोळे लाल, असं दिसलं तर शेतात काम केल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

हे सगळं सांभाळूनही कुणीतरी आजारी पडतंच, आणि तेव्हा पुन्हा पाणीच मदतीला येतं. पटकीत माणूस जंतूच्या विषानं थेट मरत नाही. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं की हा जंतू आतड्यात एक विष सोडतो आणि त्यामुळे आतड्यातून पाणी वाहायला लागतं. दिवसाला दहा लिटरांहूनही जास्त जाऊ शकतं. माणूस मरतो तो शरीर कोरडं पडून. पूर्वी वाटायचं, आतडंच बिघडलंय तर पाजलेलं पाणी आत कसं जाणार? पण आतड्याला एक वेगळं दार असतं, ते साखर आणि मीठ एकत्र आले तरच उघडतं, आणि त्यांच्या मागून पाणी आत शिरतं. जुलाब चालू असतानाही ते दार शाबूत राहतं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज कालवून ते पाणी लोकांना प्यायला द्यायला सुरुवात केली. शंभरात तीसच्या आसपास माणसं मरत होती, ती चारच्या आत आली.

ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरा, पुडीवर लिहिलेल्या मापानंच पाणी घ्या. नाही मिळाली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चव घेऊन बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. हे पाणी चोवीस तासांनी टाकून नवं करा. पोर ओकलं तरी थांबायचं नाही, दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं पाजायचं, अंगावरचं दूधही चालू ठेवायचं, आणि डॉक्टरांकडून झिंकच्या गोळ्या घेऊन त्या चौदा दिवस पूर्ण द्यायच्या. लघवी होत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, शौचात रक्त असेल किंवा पोर गळून पडलं असेल तर घरी बसू नका. गरोदर बाईला कावीळ झाली तर झाडपाल्याच्या औषधाची वाट अजिबात धरू नका, हेपटायटिस ई शेवटच्या महिन्यांत जिवावर बेततो, तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. आणि जुलाबानं मलूल झालेल्या पोराला नेताना तांब्या आणि चमचा बरोबर घ्या, गाडीतही पाजत राहा.